अ‍ॅपलबीच्या फलाटावर

इंग्लंडच्या उत्तरेस, ईडन नदीच्या हिरव्यागार खोऱ्यांत, अ‍ॅपलबी नांवाचें एक लहानसें गांव आहे. पूर्वींच्या वेस्टमोरलंड परगण्याचें हें मुख्य ठिकाण. गांवाच्या वरच्या अंगास विटांनीं बांधलेलें एक टुमदार स्टेशन असून, दक्षिणेस सेटल व उत्तरेस कार्लाईल या दोन गांवांस जोडणारा लोहमार्ग त्या स्टेशनांतून जातो. १३ मे १९७८ या शनिवारीं या स्टेशनच्या फलाटावर सत्तर वर्षांचे एक गृहस्थ उभे होते. त्यांस कोठें जावयाचें नव्हतें, अथवा कोणा पाहुण्यास उतरवून घ्यावयाचें नव्हतें. वाफेच्या इंजिनानें ओढलेली एक विशेष गाडी त्या दिवशीं येथून जावयाची होती. ती डोळे भरून पाहावी, एवढ्याचसाठीं ते आले होते. गाडी येण्यापूर्वींच ते कोसळले आणि त्या स्टेशनवरच त्यांनीं देह ठेवला.

हे गृहस्थ कोणी निरुद्योगी इसम नव्हते. त्यांचें नांव एरिक ट्रेसी. दोनच वर्षांपूर्वीं ते वेकफील्ड येथील बिशपच्या पदावरून निवृत्त झाले होते. इंग्लंडच्या धर्मसंस्थेंत एवढ्या उच्च पदास पोहोंचलेल्या पुरुषानें उतारवयांत एका आडबाजूच्या स्टेशनवर इंजिनाची वाट पाहत उभें राहावें, हें ऐकून कित्येकांस हसूं येईल. खुद्द इंग्लंडांतही असें हसणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या मार्गावर ट्रेसी यांनीं अखेरचा श्वास घेतला, तो मार्गच पुढें थोड्या वर्षांत बंद होण्याच्या बेतांत आला. आणि तो वांचला, त्यांत अशाच ‘रिकामटेकड्या’ पाहणाऱ्यांचा वांटा फार मोठा होता. गाड्या पाहण्याचा हा छंद कसा वाढला व त्यानें काय साधलें, याचा विचार म्हणूनच अगदींच निष्फळ ठरणार नाहीं.

आगगाडी आणि आगगाडीचे प्रेक्षक यांचा जन्म इंग्लंडांत जवळजवळ एकाच वेळीं झाला. ऑक्टोबर १८२९ मध्यें लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाच्या चालकांनीं रेनहिल येथें इंजिनांची स्पर्धा भरविली व ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें. स्टीफन्सन पितापुत्रांचें ‘रॉकेट’ त्या स्पर्धेंत विजयी झालें, ही गोष्ट शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. परंतु तो सामना पाहण्यासाठीं जत्रेस लोटावे तसे हजारों लोक लोटले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. त्या हजारोंपैकीं बहुतेकांस इंजिनाचा व्यवहार कळत नव्हता, कीं त्यांत त्यांचा पैसा गुंतलेला नव्हता. त्यांस केवळ पाहावयाचें होतें.

पुढें सुमारें तीस वर्षांनीं, १८६१ सालीं, लंडनमधील वेस्टबोर्न पार्क या भागांत एक चौदा वर्षांची मुलगी ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या इंजिनांचीं नांवें आपल्या वहींत टिपून ठेवीत असे. त्या कंपनीच्या रुंद रुळांवरून धांवणाऱ्या बहुतेक इंजिनांस तेव्हां क्रमांकाऐवजीं नांवेंच असत. एखाद्या मुलीनें पाखरांचीं पिसें जमवावीं, तशीं हिनें इंजिनांचीं नांवें जमविलीं. फलाटावरून गेलेलें इंजिन कोणास घरीं नेतां येत नाहीं. त्याचें नांव मात्र नेतां येतें. पुढें लाखों मुलांनीं जें केलें, त्याचा आरंभ या वहींत दिसतो.

या छंदास खरा रंग भरला तो १८९५ च्या उन्हाळ्यांत. लंडनहून स्कॉटलंडांतील अबर्डीन येथें जाण्यास दोन मार्ग होते. एक किंग्ज क्रॉस स्टेशनांतून पूर्व किनाऱ्यानें, दुसरा यूस्टन स्टेशनांतून पश्चिमेकडून. दोन्ही मार्गांच्या कंपन्यांत चुरस लागली, आणि त्यांच्या रात्रींच्या गाड्या रोज कांहीं मिनिटें वांचवीत उत्तरेकडे धांवूं लागल्या. २२ ऑगस्टच्या रात्रीं पश्चिमेच्या गाडीनें ५४० मैलांचें अंतर ५१२ मिनिटांत तोडलें. या शर्यतींचा मिनिटामिनिटाचा जो वृत्तांत आज वाचावयास मिळतो, त्याचा बराच भाग हातांत घड्याळ व मांडीवर वही घेऊन डब्यांत बसलेल्या हौशी मंडळींनीं टिपलेला आहे. दोनच वर्षांनीं, १८९७ मध्यें, या विषयास वाहिलेलें ‘रेल्वे मॅगझीन’ हें मासिक निघालें, व १८९९ मध्यें लंडनमध्यें ‘रेल्वे क्लब’ स्थापन झाला. पोरखेळ म्हणून ज्याची हेटाळणी होई, त्या छंदास आतां मासिक मिळालें आणि बैठकही मिळाली.

या हौशी मंडळींत चार्लस रूस-मार्टिन हा एक विलक्षण पुरुष होऊन गेला. जन्मानें तो इंग्रज. परंतु त्याचें बरेंच आयुष्य न्यूझीलंडांत वृत्तपत्राच्या धंद्यांत गेलें होतें. इंग्लंडांत परत आल्यावर त्यानें आगगाड्यांचा वेग मोजण्याचें जणूं व्रतच घेतलें. सेकंदाचा पांचवा भाग दाखविणारें घड्याळ हातीं धरावयाचें, बाहेरील पाव-पाव मैलाच्या खांबांवर नजर ठेवावयाची, आणि प्रत्येक खांबाची वेळ टिपावयाची, हा त्याचा क्रम. ९ मे १९०४ रोजीं प्लिमथ बंदराहून टपाल घेऊन निघालेल्या खास गाडींत तो बसला होता. गाडीस ‘सिटी ऑफ ट्रूरो’ नांवाचें इंजिन होतें. वेलिंग्टनच्या उतारावर पाव मैलाचें एक अंतर अवघ्या ८.८ सेकंदांत कापलें गेल्याचें त्याच्या घड्याळानें दाखविलें. याचा अर्थ तासास १०२.३ मैल! तो आंकडा अगदीं बिनचूक होता कीं नाहीं, याबद्दल जाणत्यांत पुढें पुष्कळ वाद झाले. पण त्या एका नोंदीमुळें त्या इंजिनाभोंवतीं कीर्तीचें वलय निर्माण झालें. १९३१ सालीं तें इंजिन कामांतून निघालें, तेव्हां त्याच्या बरोबरीचीं दुसरीं इंजिनें भंगारांत गेलीं. हें मात्र यॉर्कच्या रेल्वे-संग्रहालयांत जाऊन बसलें. एका प्रवाशाच्या वहींतील एका ओळीनें वितळण्यापासून एक इंजिन वांचविलें, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

इतके दिवस हा छंद थोड्या सुशिक्षितांचा होता. तो गल्लीबोळांतील मुलांपर्यंत पोहोंचला दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनांतील सदर्न रेल्वेच्या कचेरींत इअन अ‍ॅलन नांवाचा एक तरुण कारकून होता. शाळेंत असतांना झालेल्या अपघातानें त्याचा एक पाय गेला होता. इंजिनांसंबंधीं लोकांचीं चौकशीचीं पत्रें कचेरींत येत, त्यांस उत्तरें लिहिणें हें त्याचें काम. तींच तीं उत्तरें पुनःपुन्हा लिहून तो कंटाळला, आणि सर्व इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिकाच कां छापूं नये, असें त्यानें वरिष्ठांस सुचविलें. वरिष्ठांनीं नकार दिला. तेव्हां १९४२ मध्यें त्यानें ती स्वतःच काढली. किंमत एक शिलिंग. प्रति दोन हजार. त्या पाहतां पाहतां संपल्या. मग इतर कंपन्यांच्या इंजिनांच्याही पुस्तिका निघाल्या, आणि इंग्लंडभर मुलें पेनीचें फलाट-तिकीट काढून स्टेशनच्या टोकास दिवसचे दिवस बसूं लागलीं. जें इंजिन डोळ्यांनीं दिसेल, त्याच्या क्रमांकाखालीं पुस्तिकेंत रेघ ओढावयाची, एवढाच खेळ. मुलें रुळांवर शिरतात अशा तक्रारी झाल्या, तेव्हां अ‍ॅलननें त्यांचें मंडळ काढून त्यांस शिस्तीचे नियम घालून दिले. तरीही कांहीं स्टेशनांवर या मुलांस बंदी झालीच.

आतां हें खरें, कीं यांतील बहुतेक मुलांचें लक्ष क्रमांकापलीकडे जात नसे. इंजिन दिसलें, रेघ ओढली, काम संपलें. तें इंजिन चालविणारा कोण, कोळसा टाकून टाकून ज्याचे हात सोलून निघतात तो कोण, याची विचारपूस करणारा विरळा. एरिक ट्रेसी यांचें वेगळेपण नेमकें येथें आहे.

ट्रेसी यांचा जन्म १९०७ सालीं लंडनमध्यें झाला. धर्मोपदेशकाचें काम करण्यासाठीं ते १९३२ मध्यें लिव्हरपूल येथें आले, व १९३६ मध्यें एज हिल या भागाच्या चर्चचे मुख्य झाले. एज हिल म्हणजे जुन्या लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावरील इंजिनांचें मोठें ठाणें. याच मार्गानें पूर्वेकडे गेल्यास न्यूटन-ले-विलोज हें गांव लागतें, आणि तेथील व्हल्कन कारखान्यांतच १८५३ च्या मुंबई-ठाणें आगगाडीचीं पहिलीं इंजिनें बांधलीं गेलीं होतीं. एज हिलच्या वस्तींत ड्रायव्हर, फायरमन व त्यांच्या बायकामुलांचा मोठा भरणा होता. या माणसांशीं ओळख करून घ्यावयाची तर तीं जेथें राबतात तेथें गेलें पाहिजे, असें या तरुण पाद्र्यास वाटलें. आणि पाद्र्याचा पांढरा गळपट्टा घालून तो इंजिनांच्या शेडमध्यें जाऊं लागला. बरोबर एक कॅमेराही असे. माणसांच्या ओढीनें तो गेला, आणि इंजिनांच्या प्रेमांत पडून परत आला. पुढें कीथली, हॅलिफॅक्स, पाँटिफ्रॅक्ट व शेवटीं वेकफील्ड अशी त्यांची बढती होत गेली. परंतु कॅमेरा सुटला नाहीं, व ड्रायव्हर मंडळींची मैत्रीही सुटली नाहीं. चढणीवर धापा टाकीत येणारें इंजिन, त्याच्या माथ्यावरील वाफेचा लोट, मागें उभा डोंगर, आणि खिडकींतून डोकावणारा ओळखीचा चेहरा, असें तें त्यांचें छायाचित्र. त्यांनीं घेतलेलीं सुमारें बारा हजार छायाचित्रें आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत.

दैवाचा योग असा, कीं ज्या वर्षीं ट्रेसी वेकफील्डचे बिशप झाले, त्याच वर्षीं इंग्लंडांतील वाफेच्या इंजिनांचें पर्व संपलें. ११ ऑगस्ट १९६८ रोजीं ब्रिटिश रेल्वेची वाफेची अखेरची गाडी लिव्हरपूलहून कार्लाईलपर्यंत जाऊन परत आली. तिकीट पंधरा गिनींचें, म्हणजे त्या काळच्या मानानें भारीच. तरी गाडी भरली. त्या गाडीसाठीं जो रस्ता निवडला गेला, तो सेटल-कार्लाईलचाच. डोंगरमाथ्यावर, रुळांच्या दोन्ही अंगांस, लोक दाटीवाटीनें उभे होते.

हा मार्ग निवडण्यास कारण होतें. इंग्लंडांत याच्याइतका दुर्घट व देखणा लोहमार्ग दुसरा क्वचितच आढळेल. त्याचा जन्म मात्र भांडणांतून झाला. मिडलंड कंपनीस स्कॉटलंडकडे जावयाचें असे. पण वाटेवरील इंगल्टन गांवीं तिची गांठ लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशीं पडे. दोन कंपन्यांचीं दोन स्टेशनें, मध्यें दरी. मिडलंडच्या उतारूंस आपलें सामानसुमान घेऊन पायीं पलीकडे जावें लागे, आणि पलीकडची गाडी बहुधा निघून गेलेली असे! संतापून मिडलंडनें डोंगरांतून आपला स्वतंत्र मार्ग काढण्याची परवानगी १८६६ मध्यें पार्लमेंटकडून मिळविली. पुढें दोघांचा समेट झाला व मिडलंड माघार घेऊं लागली. पण आतां पार्लमेंटनेंच ती माघार मान्य केली नाहीं. नको असलेला मार्ग कंपनीस बांधणें भाग पडलें. सुमारें बहात्तर मैलांत चौदा बोगदे आणि वीसांहून अधिक मोठे पूल बांधावे लागले. त्यांत रिबलहेड येथील चोवीस कमानींचा पूल दलदलीच्या माळावर शंभर फुटांहून उंच उभा आहे. माथ्यावरील एज गिल हें ठिकाण समुद्रसपाटीपासून ११६९ फुटांवर. हजारों मजूर त्या वाऱ्यापावसांत, लांकडी झोपड्यांत, वर्षानुवर्षें राहिले. अपघात झाले, देवीची सांथ आली. चॅपल-ले-डेल या लहानशा खेड्यांतील दफनभूमि अपुरी पडून ती वाढवावी लागली. या कामावरील मजूर व त्यांचीं बायकामुलें मिळून दोनशेंच्या आसपास जीव तेथें विसावले आहेत. १ मे १८७६ रोजीं उतारूंच्या गाड्या सुरू झाल्या.

असा हा मार्ग. परंतु हिशेबाच्या वहींत मजुरांचे प्राण लिहिलेले नसतात, कीं डोंगरावरून दिसणारें आकाश लिहिलेलें नसतें. १९६३ च्या बीचिंग अहवालानें या मार्गावरील उतारूंच्या गाड्या बंद करण्याची शिफारस केली. ती लगेच अमलांत आली नाहीं. पण १९७० मध्यें सेटल व अ‍ॅपलबी हीं दोन ठिकाणें वगळून वाटेवरील बाकीचीं सर्व स्टेशनें बंद झालीं. १९७८ च्या वसंतऋतूंत या मार्गावर वाफेच्या विशेष गाड्यांस पुन्हा परवानगी मिळाली. ट्रेसी वाट पाहत होते ती यांतीलच एक गाडी. तिच्या इंजिनाचें नांव ‘ईव्हनिंग स्टार’, म्हणजे सायंतारा. ब्रिटिश रेल्वेसाठीं बांधलेलें हें शेवटचें वाफेचें इंजिन. १९६० सालीं स्विंडनच्या कारखान्यांतून तें बाहेर पडलें आणि अवघ्या पांच वर्षांनीं कामांतून काढलें गेलें. ज्यास आयुष्यच लाभलें नाहीं तें इंजिन, आणि ज्यांचें आयुष्य पुरें झालें तो पाहणारा, यांची अखेरची भेट चुकली ती अशी.

ट्रेसी यांच्या पश्चात् पांच वर्षांनीं खरें संकट आलें. रिबलहेडच्या पुलाच्या कमानींत पाणी मुरलें होतें; दुरुस्तीचा खर्च अवाढव्य सांगण्यांत येऊं लागला, आणि १९८३ च्या अखेरीस मार्ग बंद करण्याचा इरादा जाहीर झाला. यावेळीं मात्र फलाटाच्या टोकाला उभे राहणारे लोक गप्प बसले नाहींत. मार्गाच्या मित्रांची एक संस्था १९८१ मध्येंच स्थापन झाली होती. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें असा मार्ग बंद करण्यापूर्वीं उतारूंच्या हरकती ऐकाव्या लागत. हरकती आल्या त्या बावीस हजारांहून अधिक. त्यांत रस्वॉर्प नांवाच्या एका कुत्र्याचीही होती! तो तिकीट काढून प्रवास करी, सबब त्याच्या पंजाचा ठसा सहीऐवजीं ग्राह्य मानला गेला. त्याहून नवल असें, कीं मार्ग बंद करण्याच्या कामावर नेमलेले रेल्वेचे अधिकारी रॉन कॉटन यांनीं स्वस्त तिकिटें काढून व जाहिरात करून उतारूंची रीघ लाविली. १९८६ मध्यें बंद पडलेलीं आठ स्टेशनें पुन्हां उघडलीं. पुलाची दुरुस्तीही अंदाजाहून पुष्कळ स्वस्तांत होते, असें आढळून आलें. शेवटीं ११ एप्रिल १९८९ रोजीं मार्ग बंद करण्यास सरकारनें नकार दिला.

हा विजय केवळ भावनेचा होता असें मानणें चूक होईल. हरकती घेणाऱ्यांत हौशी होते, तसेच खेड्यांतील रहिवासी व स्थानिक नगरपालिकाही होत्या. आणि सरकारनें शेवटीं आंकडेच पाहिले. परंतु ते आंकडे पालटले कोणामुळें? रिकाम्या डब्यांतून जेव्हां मार्गाचें मरण दिसत होतें, तेव्हां दूरदूरच्या गांवांहून केवळ हा रस्ता पाहण्यासाठीं तिकीट काढून जे आले, त्यांच्यामुळें. ज्यास ज्या वस्तूपासून लाभ, तो लाभ संपतांच ती टाकून देतो. ज्यानें ती लाभाविना पाहिली, त्यास ती टाकवत नाहीं.

पुढें २०१६ मध्यें ईडनच्या कांठची दरड खचून हा मार्ग पुन्हां तुटला. यावेळीं तो बंद करण्याची भाषा झाली नाहीं. कोट्यवधि पौंड खर्चून तो बांधून काढण्यांत आला, आणि ३१ मार्च २०१७ रोजीं तो पुरा खुला झाला तेव्हां ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हें जगप्रसिद्ध इंजिन त्यावरून धांवलें. अ‍ॅपलबीच्या स्टेशनवर बिशप ट्रेसी यांच्या नांवाची पाटी बसविलेली आहे. वाफेची विशेष गाडी यावयाची असली, म्हणजे तिच्याजवळच कोणीतरी परगांवचा पाहुणा कॅमेरा किंवा वही घेऊन उभा असतो. त्यास कोठें जावयाचें नसतें. दरींतून शिटी ऐकूं येते, आणि तो घड्याळ काढतो.